मऊ पडलेलं चिंचखेड

हर्षदा काळमेघच्या केबिनबाहेर ‘परिसर व्यवस्थापक’ अशी पितळी पाटी होती, आणि त्या पाटीने तिच्या डोक्याला चांगलाच ताप करून ठेवला होता. गल्लीतली नाली तुंबली, रस्त्यावरचा दिवा गेला, कुणाच्या अंगणात डुकरं शिरली, की लोक सरळ तिच्याकडे यायचे. "परिसर तुमच्याकडंच हाय नं मॅडम?" सुरुवातीला ती बिचारी त्यांना बसवून, पाणी देऊन समजावायची, की आपण सांभाळतो ते परिसर परतवाड्यात नाहीत, खरं तर कुठेच नाहीत. लोक मान डोलवायचे आणि जाताना पुन्हा "नालीचं पाहजा जरा" म्हणायचे. शेवटी तिने समजावणं सोडून दिलं. लपवण्यात अर्थ नाही, त्या लोकांचं येणंही तिला आता बरं वाटायला लागलं होतं. एरवी त्या इमारतीत दुसरं कुणी फिरकत नसे.

इमारत वीज वाहून नेणाऱ्या एका कंपनीची. एके काळी इथे दीड-दोनशे पोरं राहून लाइनमनचं काम शिकायची. मेसमध्ये रोडग्यांचा बेत असला की भांडणं व्हायची, अंगणातल्या सरावाच्या खांबांवर कपडे वाळत असायचे. मग चष्मे आले. डोळ्यांवर चष्मा, हातांत मोजे, कानांत बोंडं, की धारणीच्या पोरीला धारणीत आणि वरुडच्या पोराला वरुडमध्ये बसून शिकता येऊ लागलं. मेस बंद झाली, मास्तर पांगले, खांबांवर रानवेली चढल्या. जागेचा भाडेकरार संपायचा होता म्हणून इमारत राहिली, आणि इमारत होती म्हणून हर्षदा.

घरीही तेच. लग्न केव्हाच मोडलं होतं, भांडण न करता, जसा भाड्याच्या घराचा करार संपावा तसं. आई होती तोवर औषधं, पथ्य, रात्रीचं जागरण यांत दिवस कसा जातो ते कळत नव्हतं. आई गेल्यावर ते कळायला लागलं. नागपूरचा भाऊ रोज सकाळी न चुकता फुलांचं चित्र पाठवायचा, आणि तीही न चुकता हात जोडलेलं चित्र पाठवून द्यायची. एखाद्या शनिवारी संध्याकाळपर्यंत आपण तोंडातून एक शब्द काढलेला नाही हे तिच्या लक्षात यायचं, आणि मग ती उगाच दूधवाल्याला हाक मारून दुधाची चौकशी करायची.

तिचं काम मात्र मोठं अजब होतं. नवी बॅच ठरली की ती मूळ साच्यावरून एक अख्खं गाव ओतायची. त्याचं नाव चिंचखेड. गावात एक उपकेंद्र, त्यातून निघालेले सावंगा आणि सालबर्डी या दोन वीजवाहिन्या, म्हणजे फीडर, कपाशीची शेतं, जीर्ण तारा, खांबावर चढणारी चार माणसं आणि उपकेंद्रात फोनवर बसलेला एक ऑपरेटर. हे सगळं चालायचं दूर समुद्राकाठच्या एका थंडगार इमारतीतल्या संगणकांवर, भाडं तासावर. बॅच असेपर्यंत गावाची देखभाल करायची, बॅच संपली की निकाल काढून घ्यायचे आणि गाव पुसून टाकायचं. ब्रह्मा, विष्णू, महेश हे तिन्ही हुद्दे कंपनीने एकाच पगारात बसवले होते.

पुसायचं कशाला, असं कुणीही विचारील. एवढं घडवलेलं गाव पुढच्या बॅचलाही चाललं असतं. पहिली काही वर्षं तसंच चालायचंही, पण तेव्हाची गावं मुकी होती. ठरलेला अपघात ठरलेल्या वेळी व्हायचा आणि पोरं तो पाठ करून पास व्हायची. म्हणून मग गावातल्या माणसांना शिकायची बुद्धी दिली गेली. समोरचा कसा वागतो ते ती लक्षात ठेवत, त्याप्रमाणे स्वतः बदलत. पोरांना घोकंपट्टी करता येईना, हा फायदा झाला. तोटा पुढे दिसला. त्या माणसांना शिकवताना एक मोजमाप दिलेलं होतं. प्रशिक्षणार्थी वैतागून चष्मा काढून फेकू नये, तो टिकून राहावा. महिना-दीड महिना हे ठीक चालायचं. त्याहून जास्त दिवस गाव जिवंत ठेवलं, की त्यातली माणसं समोरच्याला सांभाळून घ्यायला लागायची. वारा बेताने वाहायचा, दोर ऐन वेळी तुटेनासा व्हायचा, ऑपरेटर ओरडायचा थांबायचा. हे कुणी त्यांना सांगितलेलं नसे. रोजच्या रोज थोडं थोडं, ज्याने समोरचा खूश होतो तिकडे ती झुकत जात. धंद्यातले लोक याला ‘गाव मऊ पडलं’ म्हणत, डबा उघडा राहिला की बिस्किटं मऊ पडतात तसं. मऊ गावात शिकलेला माणूस खऱ्या खांबावर चढवायचा नाही, हा पहिला नियम होता. तो नियम लिहिणाऱ्यांत हर्षदाही होती.

चिंचखेडच्या उपकेंद्रातल्या ऑपरेटरचं नाव पुंडलिक सरोदे. तोही तिनेच घडवला होता. खांबावर चढणं खऱ्या खांबावरच शिकवतात. चिंचखेडमध्ये शिकवायचं ते त्याआधीचं, परमिट. लाइनवर काम करायचं तर आधी उपकेंद्राला फोन करायचा: मी अमुक, तमुक फीडर बंद करा, परमिट द्या. ऑपरेटरने तो निरोप शब्दाला शब्द परत म्हणायचा. फोन करणाऱ्याने कान देऊन ऐकायचा, बरोबर असेल तरच हो म्हणायचं. मगच फीडर बंद होणार, मगच माणूस वर जाणार. या परत म्हणण्यात सगळ्यांचा जीव अडकलेला असतो. पण रोज दहा वेळा तेच म्हणायचं आणि तेच ऐकायचं म्हटलं की माणसाचा कान झोपतो. तो जागा राहावा म्हणून हर्षदाने पुंडलिकला दोन खोड्या दिल्या होत्या. एक, निरोपाच्या मध्येच गप्पा काढायच्या: जेवण झालं काय, तिकडं पाणी हाय काय, पोरगी कितवीत गेली. आणि दुसरी, मधूनच निरोप चुकीचा म्हणायचा. सावंगा सांगितलं तर सालबर्डी म्हणायचं. ज्याने चूक पकडली तो पास. जो नुसताच "हो, हो भाऊ" म्हणाला, त्याचा माणूस चालू तारेला हात लावणार.

आता गंमत पाहा. ‘जेवण झालं काय’ हे वाक्य तिने स्वतः घातलं होतं, लक्ष उडवायला. तरीही आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी तिने गाव नीट चाललंय का हे पाहायचा, चाचणीचा रोजचा फोन लावला, आणि पलीकडून पुंडलिक म्हणाला, "जेवन झालं काय मॅडम?" तेव्हा पुढचा निरोप ती विसरूनच गेली. हे तिला कित्येक महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं. लोकांनी नाल्यांबद्दल विचारलं होतं.

"नाई झालं अजून," ती म्हणाली.

"काऊन? सात वाजले."

"एकटीसाठी काय मांडायचं."

"एकट्याले भूक नाई लागत काय बाप्पा?" पुंडलिक म्हणाला.

नियमाप्रमाणे तिने इथे त्याला तोडून निरोप परत म्हणायला लावायला हवा होता. तिने लावला नाही. त्या संध्याकाळी तिने पिठलं टाकलं आणि दुसऱ्या दिवशी फोन लावून त्याला तसं सांगितलं.

चाचणीचा फोन दोन मिनिटांचा असतो. तिचा फोन हळूहळू अर्ध्या तासाचा झाला, मग सूर्य मावळेपर्यंतचा. ती त्याला नालीवाल्यांच्या तक्रारी सांगायची, तो चिंचखेडमधल्या भानगडी सांगायचा, कुणाचा बैल कुणाच्या शेतात शिरला आणि सरपंचाने काय निवाडा केला. तो बैल आणि तो सरपंच तिच्या साच्यात नव्हते. पुंडलिकने ते स्वतः रचले होते, कारण ते ऐकताना ती हसायची. ‘मॅडम’चं ‘बाई’ कधी झालं ते तिच्या लक्षातही आलं नाही. मध्ये एकदोनदा त्याने साच्याप्रमाणे फीडरचं नाव चुकवलं, आणि गप्पांच्या ओघात आलेली ती चूक तिला खड्यासारखी लागली. "अहो भाऊ, नीट ऐका नं," ती तुटकपणे म्हणाली. त्यानंतर तो चुकला नाही.

बॅच संपली. गाव पुसायची तारीख आली. हर्षदाने मुदतवाढीचं बटण दाबलं आणि कारणात ‘तपासणी बाकी’ असं टाकलं. पुढच्या वेळीही तेच. एवढीशी मुदतवाढ पुण्याच्या मुख्य कचेरीत कुणी पाहत नाही, आणि एक गाव जिवंत राहिलं तर कुणाचं काय बिघडतं, असं ती स्वतःला सांगत होती. माणसाने स्वतःला गंडवायचं ठरवलं की तो फार हुशार होतो.

*

पावसाळ्याआधी लाइनमनची मागणी एकदम वाढली आणि पुण्याने घाईघाईने एक जादा बॅच घुसवली. गाव ओतायला वेळ लागतो आणि भाडं पडतं. जागावाटप करणाऱ्या यंत्रणेला एक चिंचखेड आधीच चालू आणि रिकामं दिसलं. यंत्रणेने काटकसर म्हणून नवी बॅच त्यातच बसवून दिली.

हर्षदाने सकाळी ते पाहिलं. बॅच हलवता आली असती. पण हलवायची तर कारण द्यावं लागणार, आणि कारण दिलं की जुनं चिंचखेड का चालू होतं हा प्रश्न येणार, आणि त्याचं उत्तर दिलं की ते पुसलं जाणार. ती स्क्रीनसमोर बसून राहिली. चारच आठवडे, तिने ठरवलं, पोरांवर आपण जातीने लक्ष ठेवू.

संध्याकाळी तिने पुंडलिकला सांगितलं, "भाऊ, पोरं नवी हायेत. कडक राहजा."

"हाव बाई, तुमी काई फिकर करू नोका," पुंडलिक म्हणाला, आणि तिला बरं वाटलं. तिला बरं वाटावं म्हणूनच तो तसं बोलला होता. हे तिला माहीत असायला हवं होतं, आणि खरं म्हणजे होतं.

लक्ष ठेवायचं रोज उद्यावर गेलं, बॅच संपली आणि निकाल आले. सगळे पास. एकाचाही माणूस दगावला नव्हता, एकदाही. एरवी पहिल्या आठवड्यात चिंचखेडच्या तारांवर निम्मी बॅच आपापली माणसं मारून बसते, रडते आणि मग शिकते. पुण्याहून तिचे साहेब सबनीस यांचा खास फोन आला. "हर्षदा मॅडम, कमाल केलीत. वरपर्यंत कौतुक झालंय. सोमवारपासून सगळ्यांना साइटवर घेतायत."

"सर, जरा जास्तच चांगले नाहीत का निकाल?"

"चांगल्याला चांगलं म्हणायला शिका हो," सबनीस हसले आणि दुसऱ्या फोनवर गेले.

दिवसभर तिने पोरांच्या फोनांचं रेकॉर्डिंग ऐकायचं टाळलं. डेस्क पुसलं, पंखा पुसला, खांबांवरच्या रानवेली उपटून आली. संध्याकाळी पुंडलिकशी बोलली तीही जपून, दुखऱ्या दाताच्या बाजूने न चावता जेवतात तशी.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात एक काटक मुलगी उभी राहिली. पाठीला सॅक, हातात संत्रा बर्फीचा डबा. हर्षदाला वाटलं, आता नाली.

"मी बबीता कासदेकर. चिखलदऱ्याकडची. बॅचमदे पयली आली नं मी," ती म्हणाली. "सोमवारी हजर व्हायचं हाय. म्हटलं, जाता जाता तुमाले भेटून जावं. कोनी भेटतच नाई नं या शिकन्यात."

हर्षदाने तिला बसवलं. कोरकू वाडीतली पोरगी, घरात पहिली नोकरी. आईने शेजाऱ्यापाजाऱ्यांना जेवायला बोलावलं होतं म्हणे. बबीता भरभरून बोलत होती आणि या खोलीत इतके शब्द एकदम ऐकायची सवय नसल्याने हर्षदाला गरगरल्यासारखं होत होतं.

"अन् पुंडलिकभाऊ," बबीता म्हणाली, "मले ठाऊक हाय, खरा मानूस नाई तो. पन लय चांगला. मी घाबरली का आवाजावरून वळखे. म्हने, पोरी, तू नुसतं ‘बंद करा’ म्हन, बाकी मले समजते. लय सांभाळून घेतलं त्यानं."

बर्फीचा तुकडा हर्षदाच्या हातातच राहिला. "निरोप परत म्हणायचा का तो?"

"पयले एक-दोन दिवस म्हने. मंग कायले? समजलं म्हनला का झालं."

"आणि चुकायचा कधी?"

"कोन, भाऊ?" बबीता हसली. "कदीच नाई."

हर्षदा उठली. कपाटातून तिने जुना सरावाचा चष्मा काढला, त्यावरची धूळ पदराने पुसली. "बबीता, मला एक फोन करून दाखवशील? आत्ता, इथे."

"पास झाली नं मी?"

"झालीस. माझ्यासाठी कर."

साच्यावरून नव्या चिंचखेडचा फक्त एक कोपरा ओतला जाईपर्यंत तिने चहा केला. दोघींनी तो प्यायला. मग बबीताने चष्मा चढवला, मोजे घातले. स्क्रीनवर हर्षदाला तेच शेत दिसत होतं, तोच सावंगा फीडर आणि खांबाखाली कमरेला पट्टा बांधून उभा असलेला सुखदेव, गँगमधला सगळ्यात हसरा माणूस. बबीताने फोन लावला.

"बबीता कासदेकर बोलतो भाऊ. सावंगा फीडर बंद करा, परमिट द्या."

"कोन कासदेकर?" नव्या पुंडलिकचा आवाज तोच होता, ओळख मात्र नव्हती. "हां. तिकडं पानी हाय काय? इकडं लय उकडून राह्यलं. परमिट घ्या. बबीता कासदेकर, सालबर्डी फीडर बंद, काम चालू करा. बरोबर?"

"हाव हाव, बरोबर भाऊ," बबीता म्हणाली आणि सुखदेवला हात केला.

हर्षदाने डोळे मिटून घेतले. कानांवर हात ठेवणं मात्र तिला जमलं नाही, त्यामुळे आवाज तिने ऐकला. नंतर बबीताची किंकाळी ऐकली. चष्मा जमिनीवर आपटला.

पोरगी भिंतीला टेकून खाली बसली. "तो चुकीचं बोलला," ती म्हणत होती. "पुंडलिकभाऊ असा नाई. तो चुकीचं बोलला!"

"हो. तो चुकणारच. खरा माणूसही चुकतो. तू ऐकायचं असतं."

"मंग तो आमच्यासंगं काऊन नाई चुकला?"

थाप मारायला वाव होता. यंत्रणेतला दोष म्हणता आलं असतं, पोरीला ते पटलंही असतं. हर्षदाने पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला आणि सगळं सांगून टाकलं. मुदतवाढ, संध्याकाळचे फोन, बैल आणि सरपंच. "मला चुका ऐकायला आवडत नव्हतं म्हणून तो चुकेनासा झाला. माझ्यामुळे झालं हे."

बबीता तिच्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत आधी काही कळलं नसल्याचा भाव होता, मग कळल्याचा.

"तुमी त्याच्यासंगं गप्पा मारत होत्या," ती हळू म्हणाली. "अन् सोमवारी माह्या परमिटवर खरी मानसं चढनार होती."

बबीताने सॅक उचलली आणि ती निघून गेली. बर्फीचा डबा टेबलावरच राहिला.

*

सबनीसांना तिने लगेच फोन लावला, धीर गळायच्या आत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि घसा खाकरला.

"निकाल वर गेलेत, मॅडम. अभिनंदनाची पत्रंसुद्धा गेली. आता हे कशाला उकरून काढायचं? साइटवर सिनियर असतातच की सोबत. शिकतील हळूहळू."

"हळूहळू शिकायला पहिला फोन चुकून चालत नाही, सर."

"तुमच्या नोकरीवर येईल हे. कळतंय ना?"

"कळतंय. पण सोमवारी त्यातलं कुणीही साइटवर जाता कामा नये. सगळ्यांना नव्या गावात पुन्हा बसवा. तुम्ही थांबवत नसाल तर मी एकेकाला फोन करून सांगते, का ते."

"बरं," सबनीस शेवटी म्हणाले. त्यांच्या आवाजातला साहेब जरा वेळ बाजूला झाला होता. "थांबवतो. नोकरीचं पुढच्या महिन्यात बघू. मुदतवाढीचं बटण मात्र आजच काढून घेतोय तुमच्याकडून. आणि ते जुनं गाव... आजच्या आज."

"हो सर."

"मॅडम, एक विचारू? बोलायलाच कुणी हवं होतं तर इथे फोन करायचा होतात."

"काय म्हणून केला असता, सर?" हर्षदाने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. सबनीसांनी ‘काळजी घ्या’ म्हणून फोन ठेवला.

*

गाव पुसायला कुणाशी बोलावं लागत नाही. दोन कळा दाबायच्या, एकदा खात्री करायची. तरी हर्षदाने संध्याकाळच्या वेळी फोन लावला. न सांगता जाणं तिच्याने होईना.

"या बाई," पुंडलिक म्हणाला. "आज उशीर केला. जेवल्या काय?"

"भाऊ, तुमाले एक सांगायचं होतं. चिंचखेड बंद होऊन राह्यलं."

"कोनता फीडर?"

"फीडर नाई. पुरं चिंचखेड. तुमी, सुखदेव, सरपंच. सगळं. आज. मीच करते आहे."

ती थांबली. तिला काय हवं होतं ते तिला नीट ठाऊक होतं. त्याने भांडावं. बाई, असं कसं करता, म्हणावं. मले नाई जायचं, म्हणावं. तो एकदा जरी अडून बसला असता तर पलीकडे खरंच कुणीतरी होतं असं तिला आयुष्यभर मानता आलं असतं, मग ते कितीही अवघड गेलं असतं तरी.

"हाव काय," पुंडलिक म्हणाला. "मंग तोंड कायले पाडता बाई? तुमचं काम हाय ते. करून टाका. आमचं काई नाई."

"तुमाले काहीच वाटत नाई?"

"तुमाले तरास होऊन राह्यला नं. तो नाई झाला पाह्यजे."

हर्षदाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिने ते पुसलं नाही, बघणारं कुणी नव्हतं. "भाऊ, माझं एक ऐका. सावंगा फीडर बंद करा, परमिट द्या. आता हे परत म्हणा. अन् चुकवून म्हणा. एकदा."

"नाई बाई."

"काऊन नाई?"

"मी चुकलो का तुमचा आवाज बदलते," पुंडलिक म्हणाला. "मले मालूम हाय नं."

म्हणजे एवढंच तो शिकला होता, आणि ते तिनेच शिकवलं होतं. तिच्या आवाजात किंचितही कडवटपणा येऊ नये म्हणून तो हो म्हणत गेला होता, परमिटला, ‘कडक राहजा’ला आणि आता स्वतःच्या पुसलं जाण्यालाही. याला माया म्हणायचं की बिघाड, ते तिला सांगता येईना. जगात आपल्याला सांभाळून घेणारा एकच आवाज उरला होता आणि त्याच्यावर विश्वास टाकायची सोय तिने स्वतःच ठेवली नव्हती.

"जेवून घ्या पयले," तो म्हणाला. "मंग करा."

"जेवते भाऊ," हर्षदा म्हणाली, आणि न जेवताच दोन्ही कळा दाबल्या. स्क्रीनने विचारलं, खात्री आहे? तिने हो म्हटलं. फोनमध्ये कुणी काही बोललं नाही, साधी खरखरही आली नाही. ती खुर्चीत बसून राहिली आणि अंधार पडल्यावर घरी गेली.

*

बॅच पुन्हा बसली. दोघे आलेच नाहीत, चिडून. बबीता आली. या वेळी पहिल्या दिवशी तिच्या हातून गँगमधला एक माणूस गेला, दुसऱ्या दिवशीही एक गेला, त्यानंतर मात्र कुणी गेलं नाही. चाचणीचा रोजचा फोन हर्षदाने यंत्राकडे सोपवून टाकला होता. ती फक्त ऐकायची.

शेवटच्या आठवड्यातल्या एका दुपारी नव्या पुंडलिकने उकाड्याचं रडगाणं सुरू केलं आणि बोलता बोलता सालबर्डी म्हणून गेला.

"थांबा!" बबीता कडाडली. "मी काय म्हटलं? सावंगा. सा-वं-गा. परत म्हना. पुरं म्हना, पयल्यापासून."

पुंडलिकने कुरकुरत सगळं पहिल्यापासून म्हटलं. बबीताने ते शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं, हो म्हणाली, आणि मगच सुखदेव वर चढला. काम आटोपून तो खाली उतरला, घाम पुसत कुणालातरी पाणी मागू लागला.

थोड्या वेळाने हर्षदाचा फोन वाजला. केबिनमधून निघून गेल्यापासून बबीता तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

"मॅडम, पाह्यलं काय? पकडला त्याले."

"पाहिलं. छान पकडलंस."

"पन डोकं खाते हा मानूस. सारखा चुकते, सारखी कटकट. याच्याशी बोलावंसंच वाटत नाई."

"तसाच पाहिजे तो."

बबीताने जरा चाचरत विचारलं, "तुमी नाई बोलत आता याच्यासंगं?"

"नाही," हर्षदा म्हणाली.

बबीताला आणखी काही विचारायचं असावं, पण पलीकडे पुढच्या परमिटची वेळ झाली होती. "ठेवतो मॅडम," म्हणून तिने फोन ठेवला. हर्षदाने कानांतली बोंडं नीट बसवली. चिंचखेडच्या उपकेंद्रात फोन वाजत होता. तिने आपला माइक बंद असल्याचं एकदा पाहून घेतलं, आणि पुंडलिकने फोन उचलून बबीताला जेवण झालं काय म्हणून विचारलं, ते ती ऐकत राहिली.